गिरणगावातला दुसरा पगार



भारतात असताना ‘कन्सल्टेशन’ म्हणजे आपल्या लेखी डॉक्टरची फी. इथे आल्यावर त्या शब्दाचा दुसरा अर्थ कळतो. मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या रांगेत कोणी आवाज खाली आणून म्हणाले, “आमच्याकडे कन्सल्टेशन सुरू झालंय,” की पुढचे विचारावे लागत नाही. 20 किंवा अधिक माणसे कमी करायची असतील तर मालकाने किमान 30 दिवस आधी आणि 100 किंवा अधिक असतील तर किमान 45 दिवस आधी चर्चा सुरू करायची, असा इथला कायदा आहे. ती चर्चा कशी असते हे ज्यांनी अनुभवले त्यांना सांगायला नको.

आमच्या घरी ते पत्र गेल्या वर्षी आले. आम्ही रसायनशास्त्रातले. डॉक्टरेट झाली, प्रयोगशाळेत नोकरी लागली, घर घेतले, आणि आता सगळे मार्गी लागले असे समजून बसलो. मूल दोन वर्षांचे, त्यामुळे घरात एकच पगार. शेजारच्या बाकावर काम करणाऱ्या मराठी सहकाऱ्याची अवस्था आमच्याहून बिकट, कारण त्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की नवा स्पॉन्सर शोधायला सहसा 60 दिवस मिळतात. पाच आठवडे आम्ही दोघेही रोज प्रयोग लावत होतो आणि मनात दिवस मोजत होतो. अखेर आमची जागा राहिली, त्याची गेली. तो आता डब्लिनला असतो.

त्या पाच आठवड्यांत एका रविवारी लालबागच्या आत्याला फोन केला. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे तुम्ही एका पगारावर बसलात? अरे, तुझ्या आजोबांकडे तीन होते, आणि ते सातवी शिकले होते.”

हा लेख त्या वाक्यातून निघाला. सध्या ‘उत्पन्नाचे अनेक स्रोत’ असे भारदस्त नाव देऊन जे सांगितले जाते ते आपल्याच मागच्या दोन-तीन पिढ्यांनी मुंबईत कसे केले, का केले, आणि ते कुठे कमी पडले, हे आम्ही गेले काही महिने वाचत आणि आत्याला विचारत होतो. आम्ही इतिहासकार नाही, त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी.

मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये काढली आणि ताडदेवला 1856 मध्ये तिचे चाक फिरले. 1920 च्या दशकात शहरात ऐंशीच्या आसपास गिरण्या आणि दीड लाखाच्या घरात कामगार होते. त्यांत सर्वांत मोठा भरणा जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचा. त्याखालोखाल सातारा, कोल्हापूर, पुणे अशा घाटावरच्या भागातले लोक.

गिरणीची नोकरी म्हणजे पक्की नोकरी, हे चित्र आपल्या मनात नंतरच्या काळातले आहे. पूर्वी भरती मुकादमाच्या, म्हणजे जॉबरच्या हातात असे. सकाळी भोंग्याच्या आधी दरवाजावर उभे राहायचे आणि मुकादमाने बोट दाखवले तर आत जायचे. त्याची दस्तुरी वेगळी. जे कायम नाहीत ते ‘बदली’. कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरते काम. 1935 मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली, पण कार्ड म्हणजे काम नव्हे, कामासाठी रोज हजर राहण्याचा हक्क. आमचे आजोबा 1946 साली बदली म्हणून लागले आणि आत्याच्या सांगण्याप्रमाणे सात वर्षे बदलीच राहिले. महिन्याला बारा दिवस काम लागले तर तो महिना चांगला. इथे ज्याला ‘झीरो अवर्स’ म्हणतात ते आपल्या घरात ऐंशी वर्षांपूर्वी येऊन गेले होते.

अशा नोकरीवर कोणी संसार उभा करील का? नाही करणार. म्हणून माणूस गिरणीत आला तरी गावची जमीन सोडत नसे. बायको, आई, भाऊ गावी. तिथे थोडे भात, वरकस जमिनीवर नाचणी-वरी, दोन आंब्याची झाडे. त्या शेतावर घर वर्षभर खाऊ शकत नव्हते, आणि कोकणात खोताचा वाटा द्यावा लागे तो वेगळाच. खोती 1949 च्या कायद्याने गेली. खोताला, सावकाराला आणि वाण्याला रोकड लागे, ती मुंबईहून मनिऑर्डरने येई. उलट दिशेने तांदळाचे गाठोडे, कुळीथ, आणि आजारी पडलेल्या माणसाला परत घेणारे घर येई. कोकणातल्या गावांना ‘मनिऑर्डरवर चालणारी’ असे हिणवले जाते, ते अर्धेच खरे. मनिऑर्डर गावाला जगवत होती आणि गाव गिरणीला.

हे दुसरे वाक्य आमचे नाही, निदान त्यामागचा विचार आमचा नाही. केंब्रिजला शिकवणारे राजनारायण चंदावरकर (1953–2006) यांनी 1994 मध्ये मुंबईच्या कामगारवर्गावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याआधी गोरे अधिकारी आणि गिरणीमालक सतत तक्रार करीत की हे लोक मनाने शेतकरीच राहिले, शिमगा-गणपतीला पळतात, यांना कारखान्याची शिस्त नाही. चंदावरकरांनी ते उलटे मांडले. गावाशी नाते टिकवणे हा अडाणीपणा नव्हता, शहरातल्या नोकरीच्या बेभरवशावरचा तो उपाय होता. गावाकडे पाठीशी काहीतरी आहे म्हणूनच माणूस शहरात टिकून राहू शकला आणि मालकाशी भांडूही शकला. 1928 चा संप एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने चालला. दीड लाख माणसे सहा महिने बिनपगारी कशी राहिली? पुष्कळसे कामगार सरळ गावी गेले आणि पावसाळ्यात शेतात उतरले. मालकांची अटकळ होती की पोट रिकामे झाले की लोक दारात येतील. लोक तेव्हा दारातच नव्हते.

पण या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर हा लेख सेमिनारवाल्यांच्या जाहिरातीसारखा होईल. कामगाराला गावी घर होते म्हणून मालकाला पगार कमी देता आला. मुले गावात वाढणार, म्हातारपण गावात जाणार, आजारपण गावात काढणार, मग गिरणीने पगार द्यायचा तो एका माणसाच्या खाण्यापुरता. दुसरे उत्पन्न होते म्हणून पहिले तोकडे ठेवता आले. आजही पगारवाढ मागायला गेल्यावर “तुमची मिसेसही काम करतात ना?” असे हसत विचारणारे साहेब भेटतात, तेव्हा हे आठवते.

शिवाय दुसरा आधार सर्वांना नव्हता. ज्यांच्याकडे गावी जमीनच नव्हती अशा दलित कामगारांना शहरातही चांगल्या पगाराचे साचेखाते बंद होते. धोट्यात कांडी भरल्यावर धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि सवर्ण विणकर त्या धोट्याला विटाळ मानत. कमी पगाराची खाती दलितांच्या वाट्याला. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. तेव्हा ‘आपल्या लोकांनी कशी हुशारीने दोन डगरींवर पाय ठेवले’ असे सरसकट म्हणता येत नाही. काहींना एक डगरही धड मिळाली नव्हती.

आता तिसऱ्या पगाराकडे येऊ. तो आजीचा, आणि आत्याला सर्वांत जास्त सांगायचे होते ते याबद्दलच.

1920 च्या दशकात गिरणीतल्या साधारण पाच कामगारांत एक बाई असे. नंतर यंत्रे बदलली, बायकांची खाती आकसली आणि त्या बाहेर पडत गेल्या. घरी बसून चालणार नव्हते. एकट्याने राहणारे हजारो पुरुष गिरणगावात होते आणि त्यांना दोन वेळ जेवायला हवे होते. दहा बाय दहाच्या खोलीत खानावळी चालू झाल्या. (गोव्याच्या लोकांची धोबी तलावाकडे गावाच्या नावाने ‘कूड’ असे. आपल्या गावकीच्या खोल्याही तशाच. एक जण पहिल्या पाळीला गेला की रातपाळीचा त्याच वळकटीवर झोपायचा.)

आजीने 1955 च्या सुमारास चार माणसांपासून सुरुवात केली, पुढे चौदा झाली. पहिल्या पाळीच्या माणसासाठी पहाटे चारला भाकरी, दुपारी परत आलेल्याचे जेवण, रात्रपाळीचा डबा. म्हणजे चूल तीन पाळ्यांत चालत होती, पण आजीला बदली कामगार नव्हता. हिशेब महिन्याचा. गावी गेला तर तितक्या दिवसांचे खाडे वजा. रविवारी मटण किंवा सुके मासे, त्यासाठी खाडा धरायचा नाही असा खानावळीचा नियम. पैसे पगाराच्या दिवशी, तोवर वाण्याकडे आजीची उधारी. माणसांचा पगार उशिरा झाला की वाण्याचे तोंड आजीने ऐकायचे. या सगळ्याची एक लाल पुठ्ठ्याची वही होती. आजोबांचा पगार गावच्या मनिऑर्डरीत आणि खोलीच्या भाड्यात जाई. आमचे बाबा आणि आत्या शाळेत गेली ती त्या लाल वहीवर.

तरी जनगणनेचा माणूस आला की आजी स्वतःचा धंदा ‘काही नाही, घरकाम’ असाच सांगे. बँकेच्या लेखीही अशा बायका नव्हत्याच. तारण नाही, कागद नाही, पगाराची चिठ्ठी नाही. भांडवल म्हणजे सावकार किंवा गळ्यातले मंगळसूत्र. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्या 14 बायकांना एकत्र करून राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. प्रेमाताई गोवा मुक्तिलढ्यातल्या, पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत. संपाच्या काळात कामगारांना उधारीवर जेवू घालून संप खरा तगवला तो या बायकांनी, हे त्यांनी जवळून पाहिले होते. आजी अन्नपूर्णाची सभासद नव्हती. तिला विचारले असते तर “आपल्याला कोण कर्ज देणार” असे म्हणून ती चुलीकडे वळली असती, असे आत्या म्हणते.

इथे थोडे आपल्या सध्याच्या मुलखाबद्दल. आम्ही राहतो तिथून पेनाइन डोंगर तासाभराच्या अंतरावर. त्या खेड्यांतून फिरताना दगडी घरांच्या वरच्या मजल्यावर ओळीने लांबलचक खिडक्या दिसतात. हातमागाला उजेड हवा म्हणून त्या तशा ठेवलेल्या. विणकराचे घर, आणि घरामागे छोटी जमीन. ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणारा डॅनियल डीफो 1720 च्या दशकात हॅलिफॅक्सच्या बाजूला फिरला. घरटी एखादा घोडा, एक-दोन गाई, कुंपण घातलेले जमिनीचे लहान तुकडे आणि दारात वाळत टाकलेले कापड, असे त्याने तिथले वर्णन केले आहे. म्हणजे शेत आणि माग ही जोडी यॉर्कशायरलाही होतीच. पुढे वाफेची गिरणी आली, जमीन गेली आणि लँकेशायरचा कामगार निव्वळ पगारावर आला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस बंद झाला तेव्हा त्याच्याकडे परत जायला शेत नव्हते. मदत समित्यांच्या रांगा लागल्या, आणि 1863 मध्ये कायदा करून रस्ते-गटारांची कामे काढावी लागली. त्याच काळात इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत शेअरचे वेड पसरले. बॅक बेच्या भरणीच्या शेअरात भलीभली माणसे सर्वस्व लावून बसली. 1865 मध्ये युद्ध संपले, कापूस पडला आणि प्रेमचंद रायचंदसारखा धनाढ्यही बुडाला. मँचेस्टरचा उपाशी विणकर आणि मुंबईचा बुडालेला शेठ यांचे दुखणे एकाच धाग्याचे होते.

आणि शेवटी आपलेही तिथेच आले.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. लाखाहून अधिक माणसे पुन्हा कामावर गेली नाहीत. 1928 ला जे साधले ते 1982 ला का साधले नाही, यावर जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मालकांना गिरण्या चालवण्यात रस उरला नव्हता, भिवंडीचे यंत्रमाग कापड काढत होते, सरकारने दाद दिली नाही. ते सगळे खरे. आम्ही फक्त आमच्या घरातल्या तीन पगारांचे काय झाले तेवढे सांगतो.

गिरणीचा पगार पहिल्या महिन्यातच थांबला. गावची जमीन तोपर्यंत चार भावांत वाटली गेली होती. आजोबांच्या वाट्याचे भात आले ते दोन पोती. उरली खानावळ. पण खानावळीत जेवणारे चौदाच्या चौदा गिरणीतलेच! फेब्रुवारीत त्यांनी उधारीवर जेवायला सुरुवात केली, आजीने कोणालाही नाही म्हटले नाही. मे महिन्यापर्यंत वाण्याने हात वर केले. पावसाळ्याच्या तोंडाला एकेक जण “येतो, वहिनी” म्हणून गावी निघाला. जुलैत लाल वहीत चौदा नावे आणि चौदा बाक्या होत्या, जेवायला कोणी नव्हते. बाहेरून पाहणाऱ्याला तीन नळ दिसत होते, पण त्यांतल्या दोघांची टाकी एकच होती.

आम्हा रसायनवाल्यांना हे लवकर कळायला हवे होते. दोन मोजमापे एकाच बिघडलेल्या काट्यावर केली तर ती एकमेकांशी जुळतात, आणि दोन्ही चुकतात.

घर चालले ते आत्यामुळे. तिने एसएससीनंतर हट्टाने टायपिंग शिकून घेतले होते आणि 1981 मध्ये फोर्टमध्ये एका वकिलाच्या ऑफिसात लागली होती. आजोबांना तेव्हा ते फारसे आवडले नव्हते. मुलीने लग्नाच्या वयात नोकरी कशाला, तीही इतक्या लांब? पण वकिलाच्या कज्ज्यांचा आणि सुताच्या भावाचा काही संबंध नव्हता, म्हणून तो पगार येत राहिला. तिचे लग्न चार वर्षे लांबले, हेही इथे नोंदवायला हवे. तिने ते सांगितले नाही, बाबांनी सांगितले. जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे नाटक 1997 मध्ये आले. संपानंतरच्या गिरणगावातल्या एका कुटुंबाचे ते नाटक आत्या पाहायला गेली आणि मध्यंतरात निघून आली.

आता आपल्याकडे पाहू. फायझरने केंटमधले सँडविचचे संशोधन केंद्र बंद करणार असे 1 फेब्रुवारी 2011 ला जाहीर केले तेव्हा तिथे सुमारे 2,400 नोकऱ्या होत्या. ॲस्ट्राझेनेकाने मार्च 2010 मध्ये लफबरोचे केंद्र आणि मार्च 2013 मध्ये अल्डर्ली पार्कचे संशोधन हलवण्याचे जाहीर केले. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना ही नावे गिरण्यांच्या नावांसारखी पाठ आहेत. अशा गावात नवरा-बायको दोघे एकाच कंपनीत, आणि वर कंपनीतल्याच नव्या लोकांना भाड्याने द्यायला दुसरे घर घेतलेले, अशी मराठी कुटुंबे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. कागदावर तीन उत्पन्ने. आजीच्या वहीसारखीच.

आम्ही त्या पाच आठवड्यांनंतर काय केले हे विचारले जाते म्हणून सांगतो, सल्ला म्हणून नव्हे. शनिवारी ए-लेव्हलच्या मुलांना केमिस्ट्री शिकवायला घेतली. नोकरीच्या करारात बाहेरच्या कामासाठी लेखी परवानगी लागते असे कलम होते, ती आधी घेतली. आपल्यापैकी बहुतेकांच्या करारात ते असते आणि बहुतेकांनी ते वाचलेले नसते. अशा किरकोळ कामाच्या एकूण जमेवर (नफ्यावर नव्हे) करवर्षाला 1,000 पौंडांपर्यंत कर लागत नाही, ही सवलत एप्रिल 2017 पासून आहे. त्यावर गेले की कराच्या खात्याला कळवणे भाग. घरी डबे करून देणाऱ्या भगिनींनी सुरू करण्याच्या 28 दिवस आधी कौन्सिलकडे नाव नोंदवायचे असते. नोंदणी फुकट आहे. स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या मंडळींना पूरक काम आठवड्याला 20 तासांपर्यंत, तेही अटींवर. अटी बदलत असतात, म्हणून चहाच्या रांगेत ऐकलेल्यावर जाऊ नये, आमच्यासुद्धा.

आणि एक भांडण अजून मिटलेले नाही. दुसरे उत्पन्न म्हटले की आमच्या घरात पहिली सूचना “तुझ्या हातचे मोदक सगळ्यांना आवडतात, ऑर्डरी घे ना” अशी निघाली. सूचना आमची होती. त्यावर उत्तर आले, “चूल तीन पाळ्यांत चालवायला मी तुमची आजी नाही.” ती आता अकाउंट्सचा कोर्स करते आहे. शनिवारी शिकवण्या संपेपर्यंत मुलाला आम्ही सांभाळायचे की तिने, हे दर आठवड्याला नव्याने ठरते.

लाल वही आत्याकडे आहे. चौदापैकी सहा बाक्यांवर आडवी रेघ आहे. 1991 च्या मे महिन्यात खेड तालुक्यातला एक जण आंब्याची पेटी आणि 340 रुपये घेऊन लालबागला आला होता. आजी तेव्हा नव्हती. आत्याने वही काढून बाकी पाहिली, ती 312 होती. वरचे 28 कसले असे विचारल्यावर तो म्हणाला की चार रविवारचे मटण वहीत नसते ना.

आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी वही, मनिऑर्डरीच्या पावत्या, बदलीचे कार्ड किंवा खानावळीचा काही कागद असेल तर त्याची झेरॉक्स मंडळाच्या पत्त्यावर पाठवावी. मूळ कागद पाठवू नये. पुढच्या अंकात छापण्याइतके आले तर छापू.